उजव्या खुर्चीतला आवाज

आमच्या गच्चीवर पायलट लोक जमले की विमानाचा विषय पहिल्या चहापुरताच टिकतो. नंतर कुणीतरी म्हणतं, "ते ऐकलंस का?" आणि मग जेवणाच्या ताटातले हात वाळले तरी कुणी उठत नाही. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला त्याचा शेजारी आठवतो. हे किस्से कुणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे दर खेपेला ते थोडे वाढतात. मी कठड्याला टेकून शेंगा सोलत बसते. मला कुणी काही विचारलं नाही तर मी बोलत नाही, त्यामुळे मी तिथं आहे हेच सगळे विसरतात. ऐकायला त्यासारखी जागा नाही.

माणसं चारच. माझे बाबा एका एअरलाइनमध्ये कॅप्टन. ड्युटी पुण्याहून असते, पण आई कराडच्या कॉलेजात शिकवते म्हणून आमचं घर इथं. जगदाळेकाका बाबांचे शाळेतले मित्र. ते आमच्या जवळच्या छोट्या धावपट्टीवर नव्या मुलांना विमान शिकवतात. मगदूमकाका सांगलीचे, दुसऱ्या एअरलाइनचे कॅप्टन. आणि वैशालीताई आटपाडीकडची. ती जगदाळेकाकांच्या हाताखाली शिकली आणि आता को-पायलट आहे.

यंदाच्या हिवाळ्यात हे सगळे दर रविवारी यायला लागले. कारण बाबा महिनाभर घरीच होते.

पायलटांची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा होते. सिम्युलेटर म्हणजे विमानासारखी हलणारी खोली. आत सगळं खरं, फक्त ती उडत नाही. तिथं बाबा नापास झाले होते. परीक्षा पुन्हा एकदा द्यायची होती. तीही गेली तर डावी खुर्ची जाणार होती. कॅप्टन डावीकडे बसतो, को-पायलट उजवीकडे. घरात हे कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. आई कपाट उघडायची, इस्त्री करून टांगलेला युनिफॉर्म बघायची आणि कपाट लावून टाकायची.

मंडळी बाबांना हसवायला यायची. बाबा हसायचे, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

०००

मगदूमकाकांच्या घरी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. काका विमानातही तो नेम पाळतात. त्यांच्या आईंना त्याची जास्त काळजी. कुठंही उतरले की फोन येणार, "आप्पा, उजेडात जेवलास न्हवं?"

एकदा काका दुपारी मुंबईहून आखातात निघाले होते. विमान पश्चिमेला चाललेलं, म्हणजे सूर्याच्या मागं पळत. सूर्य आपला समोर तसाच. काका निवांत जेवले, तरी उजेड होता. थोड्या वेळानं फळं खाल्ली, तरी उजेड होता. को-पायलट दिल्लीकडचा मुलगा, त्याला गंमत वाटली. तो म्हणाला, "सर, खालच्या लोकांचा सूर्य मावळला. आपण उंचावर आहोत म्हणून आपल्याला दिसतोय. मग धरायचा कुणाचा?"

काकांच्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली. अशा प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं. उतरल्यावर त्यांनी आईंनाच विचारलं.

आई म्हणाल्या, "ज्या गावावरनं चाललायस त्या गावाचा धर. वर गेलास म्हणून काय तू येगळा झालास व्हय?"

तेव्हापासून काका खिडकीतून खाली बघून जेवतात.

०००

वैशालीताईचे आजोबा आयुष्यभर मेंढरं घेऊन फिरले. आता शेती आहे, पण दारात अजून थोडी मेंढरं आणि एक कुत्रा आहे. नात विमान चालवते हे त्यांनी मान्य केलं होतं, पण एका गोष्टीवर त्यांचं समाधान होत नव्हतं. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की हल्ली विमान कॉम्प्युटरच चालवतो.

"व्हय गं, खरं हाय?" त्यांनी विचारलं.

ताईनं सांगितलं की वर गेल्यावर बराच वेळ खरंच तोच चालवतो.

"मग तू काय करतीस?"

वर्गात शिकवलेलं तिनं सगळं सांगून बघितलं. आजोबांना ते काही पटेना. तेवढ्यात कुत्र्यानं चुकार मेंढरू वळवून कळपात आणलं. ताई म्हणाली, "आजोबा, मेंढरं तर कुत्राच वळवतोय. मग तुम्ही काठी घेऊन मागनं कशाला जाता?"

"त्येला कुणीतरी बघाया नको?" आजोबा म्हणाले. "लय हुशार हाय त्यो, पर येकदा चुकला की समदी मेंढरं घिऊन चुकतो."

"तेच करते मी," ताई म्हणाली.

या किश्श्यावर बाबा हसले नाहीत. त्यांनी तो ताईला पुन्हा सांगायला लावला.

०००

जगदाळेकाकांकडे शिकायला येणारी मुलं लहानपणापासून कॉम्प्युटरवर विमानं उडवून आलेली असतात. बटणं सगळी पाठ. पण बाहेर बघायचं असतं हे त्यांना ठाऊक नसतं. काका म्हणतात, समोर कोयनेचं पात्र चमकतंय, सदाशिवगड उभा आहे, आणि हे आपले पुढ्यातल्या स्क्रीनवर सदाशिवगड शोधतायत.

असाच एक मुलगा होता. काका सांगून सांगून दमले, "बाहेर बघ रं." तो मान हलवायचा आणि परत स्क्रीन. शेवटी काकांनी गळ्यातला टॉवेल काढला आणि सगळ्या स्क्रीनवर पसरला.

मुलगा घाबरून म्हणाला, "सर, आता काहीच दिसत नाही."

काका म्हणाले, "मान वर कर."

मुलानं मान वर केली. मग ती त्यानं खाली केलीच नाही. धावपट्टीवर उतरल्यावर काकांनी विचारलं, काय झालं, भ्यालास काय? तो म्हणाला, "नाही सर. एवढं मोठं असतं होय?"

०००

मगदूमकाकांचा आणखी एक. उत्तरेत कुठंतरी दाट धुकं होतं. अशा वेळी विमान स्वतःच उतरतं, पायलटनं हात जवळ ठेवून लक्ष ठेवायचं. तसं ते उतरलं, इतकं अलगद की टेकलेलं कळलं नाही. दारात उभ्या काकांना प्रत्येक प्रवासी हात जोडून जात होता. एक आजी तर डोक्यावरून हात फिरवून गेल्या. काका म्हणतात, "सांगू कुणाला? मशीन काय डोकं पुढं करतंय व्हय?"

पुढं एकदा त्यांच्या आई पहिल्यांदाच त्यांच्या विमानात बसल्या. आकाश स्वच्छ होतं. काकांनी ठरवलं, आज मशीन नको, आईला आपण स्वतः उतरवायचं. ऑटोपायलट काढला, जीव लावून विमान खाली आणलं आणि शेवटच्या क्षणी वाऱ्यानं दगा दिला. धाडकन!

सगळे उतरल्यावर आई दारात आल्या. काका मान खाली घालून उभे. आईंनी आधी स्वतःची कंबर चाचपली, मग हळूच विचारलं, "आप्पा, उतरवायला मशीन असतंय म्हणं की. ते बिघाडलंय काय?"

या वेळी बाबा सगळ्यांच्या बरोबर हसले. माझी आई जिन्यात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं आणि ट्रे खाली ठेवायलाच विसरली.

०००

विमानाचा ताबा एकाकडून दुसऱ्याकडे देताना बोलून द्यायचा असतो. एक जण म्हणतो, "यू हॅव कंट्रोल." दुसऱ्यानं "आय हॅव कंट्रोल" म्हणेपर्यंत पहिल्यानं हात सोडायचा नाही. हे त्यांच्या इतकं अंगात मुरलेलं असतं की बाबा गरम पातेलंसुद्धा तसं म्हटल्याशिवाय सोडत नाहीत. आईला आता सवय झाली आहे. ती पातेलं धरते आणि म्हणते, "आहे बाई कंट्रोल, सोडा."

वैशालीताईच्या मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका जमलेल्या. बाळाला गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत पाळण्याखालून देताना बाळ ताईच्या हातात आलं आणि ताई सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाली, "आय हॅव कंट्रोल."

तेवढ्यात पलीकडून तिची चुलती म्हणाली, "व्हय माय, तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. आता नाव बी तूच ठेव."

०००

एका रविवारी किस्से थांबले. मगदूमकाकांनी शेवटी विचारलंच, "दिलीप, नक्की झालं काय तिथं?"

बाबांनी सांगितलं. सिम्युलेटरमध्ये ऑटोपायलट बंद करून हातानं उतरायचं होतं. वारा आडवा होता. उजवीकडे नवा मुलगा बसला होता. अगदी खाली आल्यावर तो म्हणाला, "गो अराउंड."

हा त्यांच्यातला मोठा नियम आहे. उतरताना दोघांपैकी कुणीही हे दोन शब्द म्हणाला, मग तो कालचा मुलगा का असेना, की विमान ताबडतोब वर उचलायचं. फेरी मारून पुन्हा यायचं. का, हे वर गेल्यावर विचारायचं.

"हळू म्हणाला तो," बाबा म्हणाले. "आणि मला धावपट्टी दिसत होती. मी उतरवलं. लोण्यासारखं उतरलं."

परीक्षक म्हणाले होते, लँडिंग उत्तम. आणि नापास केलं.

मगदूमकाका बाबांच्या बाजूनं बोलायला लागले. आजकालची पोरं काटा जरा हलला की घाबरतात, बाहेर बघत नाहीत, वगैरे. बाबा मान हलवत होते. मला वाटलं, आता विषय बदलेल.

वैशालीताई मात्र हातातल्या कपाकडे बघत म्हणाली, "सर, ते दोन शब्द तोंडातून निघायला किती वेळ लागतो, तुम्हाला नाही कळायचं. शेजारी तुमच्यासारखा माणूस बसलेला असतो. शंका आल्यापासून बोलेपर्यंत विमान बरंच खाली आलेलं असतं."

तिनं कप खाली ठेवला.

"आणि बोलूनही कुणी ऐकलं नाही ना सर, तर पुढच्या वेळी आम्ही बोलत नाही."

बाबा उठून खाली गेले. चहा आणतो म्हणाले. चहा आमच्या सगळ्यांच्या कपात होता. ताईचं तोंड उतरलं. जगदाळेकाका तिला म्हणाले, "बस गं. बरं बोललीस. आमी मोठी माणसं, आमाला कोण सांगणार?"

बाबा खाली बराच वेळ होते. वर आले तेव्हा हातात चहा नव्हता.

०००

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी जेवणाच्या खोलीत सराव सुरू केला. पायलट लोक असा सराव करतात. भिंतीवर कॉकपिटचं मोठं कागदी चित्र चिकटवायचं, समोर खुर्ची मांडायची आणि चित्रातल्या बटणांना हात लावत सगळं तोंडानं म्हणायचं. शेजारी बसून यादी वाचायला कुणीतरी लागतं. आईला हसू यायचं, म्हणून उजव्या खुर्चीत मी.

यादी वाचणं सोपं होतं. अवघड ते पुढचं. बाबांनी सांगितलं, "शरू, मी उतरत असताना तुला कधीही वाटलं तर 'गो अराउंड' म्हणायचं. कारण लागत नाही."

मी म्हणत नव्हते. बाबा इतके नेमके बटणांना हात लावायचे की मध्ये बोलावंसं वाटायचं नाही. ते दर वेळी नीट उतरायचे आणि माझ्याकडे बघायचे. एकदा मी म्हणाले. बाबा म्हणाले, "ऐकू आलं नाही." शाळेत बाईही मला हेच म्हणतात. मी पुन्हा म्हणाले. तोवर आम्ही उतरलो होतो.

एकदा भर सरावात कुकरची शिट्टी झाली. आत आई फोनवर बोलत होती. तिनं ओरडून विचारलं, "किती झाल्या?"

बाबांचं एक इंजिन तेव्हा बंद पडलेलं होतं, म्हणजे चित्रातलं. समोरून नजर न हलवता ते म्हणाले, "स्टँडबाय." म्हणजे त्यांच्या भाषेत, जरा थांब.

आई स्टँडबाय राहिली. वरण जळल्याचा वास आला तेव्हा आम्ही दोघं धावपट्टीवर सुखरूप होतो आणि कुकर नव्हता. त्या दिवशी आम्ही दही-भात खाल्ला. आई रागावली नाही. मला तेच जास्त भीतीचं वाटलं. एरवी ती रागावली असती.

परीक्षा जवळ आली तसं बाबांचं बोलणं कमी झालं. ते पहाटे उठून चित्रासमोर बसायचे. पाणी प्यायला जाताना मला त्यांची पाठ दिसायची आणि हवेत वर गेलेला हात.

०००

परीक्षा दूरच्या शहरात होती. त्या दिवशी शाळेत माझं कशातच लक्ष नव्हतं. घरी आले तर आई फोन समोर ठेवून कांदा चिरत होती. फोन वाजला. आईनं हात न पुसताच उचलला. नुसतं "हं" म्हणाली, परत "हं" म्हणाली आणि तिथंच फरशीवर बसली.

"झालं," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. पदराला कांदा लागलेला होता, त्यामुळे ते पुसणं काही थांबेना.

पुढच्या रविवारी गच्चीवर कंदी पेढे होते. सगळे आले. जगदाळेकाकांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "सांग गड्या, काय काय केलं सिम्युलेटरमधी?"

"तिथलं काही नाही सांगण्यासारखं," बाबा म्हणाले. "पोरगं बोललं, मी वर उचललं. परीक्षकांनी कागदावर सही केली. तुम्ही उंब्रजचं ऐका."

महिनाभरात बाबांनी एकही किस्सा सांगितला नव्हता. मगदूमकाका सरसावून बसले. मी शेंगा सोलायची थांबले, कारण हा किस्सा मला माहीत होता.

परीक्षेच्या आधीचा रविवार. आईच्या मामांकडे, पाटणच्या बाजूला डोंगरातल्या एका गावात, साखरपुडा होता. परत येताना उंब्रजला हायवे लागतो. आम्हाला कराडकडे यायचं, म्हणजे पलीकडच्या बाजूला. नीट यायचं तर आधी कराडच्या उलट दिशेला बरंच लांब जाऊन पुलाखालून वळून यावं लागतं. पण सर्व्हिस रोडनं राँग साइडनं थोडं गेलं की जवळच दुसरा पूल आहे. सगळे तसेच जातात. बाबाही नेहमी तसेच जातात.

दिवेलागणीची वेळ होती. उसाचा हंगाम, रस्त्यावर धूळ आणि धूर. आई पुढं पेंगत होती. बाबांचा सगळा जीव त्या परीक्षेत होता. त्यांनी गाडी सर्व्हिस रोडकडे वळवायला घेतली.

"आणि मागच्या सीटवरनं आवाज आला," बाबा गच्चीवर सांगत होते. "गो अराउंड."

वैशालीताईनं चटकन माझ्याकडे बघितलं. आपण इथं बसलोय हे आता सगळ्यांना कळलं, असं मला वाटलं.

"हळू म्हणाली असंल," जगदाळेकाका म्हणाले.

"हळूच म्हणाली," बाबा म्हणाले. "पण ऐकू आलं."

त्यांनी सांगितलं, हात आपोआप हलले. स्टिअरिंग सरळ झालं. गाडी सर्व्हिस रोड सोडून सरळ पुढं गेली. आई जागी होऊन विचारायला लागली, अहो कुठं चाललोय, कराड तिकडं आहे. बाबा तिला म्हणाले, "स्टँडबाय." सगळे हसले. मग लांबच्या पुलाखालून वळसा घालून गाडी कराडच्या रस्त्याला लागली, तेव्हा बाबांनी आरशात बघून मला विचारलं होतं, "काय दिसलं गं?"

मी म्हणाले होते, "काही नाही. नीट दिसत नव्हतं."

बाबांनी तेवढंच सांगितलं आणि पेढ्याचा डबा पुढं केला. मगदूमकाकांना ते पुरेसं वाटेना. त्यांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"आरं पण काय होतं तिथं? समोरनं उसाची ट्रॉली येत होती, काय झालं, ते सांग की."

"माहीत नाही," बाबा म्हणाले. "आम्ही गेलोच नाही तिकडं."